हिशेब अडकलाय म्हणून माणूस अडकलाय

गल्फमध्ये राबणारा माणूस तिथं वर्षानुवर्षं का टिकतो, याची आपल्याकडं दोन उत्तरं तयार असतात. पैशाची हाव, हे पहिलं. बिचारा घरच्यांसाठी झिजतोय, हे दुसरं. पहिलं गावातले शहाणे देतात, दुसरं व्यासपीठावरचे पुढारी देतात. बाबा रे, तुला निघायचं असेल तर निघता येतं का, हे मात्र त्या माणसाला दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

मी सौदीत जुबैलला एका ठेकेदार कंपनीत टाइमकीपर होतो. शेकडो माणसांची हजेरी, ओव्हरटाइम, रजा, राजीनामे माझ्या टेबलावरून जायचे. तिथं बसून जे दिसलं ते या दोन्ही उत्तरांत बसत नाही. लोकांना वाटतं माणूस पुढच्या पगारासाठी थांबतो. मी बघितलेली बहुतेक माणसं मागच्या पगारासाठी थांबलेली होती.

कसं ते सांगतो. नवीन माणसाचा पहिला पगार आमच्याकडं दीड-दोन महिन्यांनी निघायचा. मधल्या काळात जेवणापुरते रियाल हातावर ठेवायचे आणि पुढं पगारातून कापून घ्यायचे. म्हणजे पहिल्या महिन्यापासून कंपनीकडं त्याचं काहीतरी येणं असायचंच. वरच्या मोठ्या कंपनीनं ठेकेदाराचं बिल अडवलं की हे येणं तीन महिन्यांचं व्हायचं, कधी पाच महिन्यांचं. पाच महिन्यांचा पगार बाकी असलेला माणूस उठून जाणार कुठं? जेवढे दिवस थांबेल तेवढे दिवस पैसे मिळण्याची आशा. विमानात बसला की आशा संपली. उलट ज्या महिन्यात सगळ्यांचे थकलेले पगार एकदम निघाले, त्याच महिन्यात माझ्याकडं फायनल एक्झिटचे, म्हणजे कायमचं घरी परतण्याचे, अर्ज सगळ्यात जास्त आले. हे ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून थकबाकी कधीच पूर्ण चुकती करायची नाही, थोडी शिल्लक ठेवायची, अशी पद्धतच पडली होती. कॅम्पमध्ये रात्री कुणालाही विचारा, घरी का जात नाहीस? एकच उत्तर: ‘भाय, हिशेब मिळू दे. मग एक दिवस थांबत नाही.’

हिशेब म्हणजे नुसता थकलेला पगार नव्हे, नोकरीच्या शेवटी मिळणारी ग्रॅच्युइटीसुद्धा. कामगार तिला ‘सर्व्हिस’ म्हणतात. सौदी कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार आणि त्यानंतर दर वर्षाला एका महिन्याचा पगार, असा तिचा हिशेब. पण माणसानं स्वतःहून राजीनामा दिला तर? दोन वर्षांच्या आत दिला तर काहीच नाही. दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश. पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश. पूर्ण रक्कम हवी असेल तर दहा वर्षं काढा. महिन्याला दीड हजार रियाल कमावणाऱ्या हेल्परनं चार वर्षं उन्हात पाइप उचलले आणि राजीनामा दिला, तर तीन हजारांच्या जागी त्याला एक हजार रियाल मिळतात. तो राजीनामा का देतो, फोरमन शिव्या देतो म्हणून, पाठ गेली म्हणून की बाप अंथरुणाला खिळला म्हणून, हे सहसा कुणी विचारत नाही. कुवेतचा कायदाही याच वळणाचा आहे. संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्यात राजीनाम्याची ही कपात काढून टाकली, म्हणजे ती काढता येते हे उघड आहे. जिथं ती शिल्लक आहे तिथं माणूस ‘आणखी एक वर्ष’ म्हणत दहाव्या वर्षापर्यंत सरकत राहतो, आणि बाहेरून बघणारे त्याला हावरा म्हणतात.

रजेचं प्रकरण तर याहून वाईट. आमच्या रजेच्या फॉर्मवर खाली एक चौकोन होता, जामीनदाराचा. भारतात सुट्टीला जायचं तर कॅम्पमधल्या दुसऱ्या कामगारानं तिथं सही किंवा अंगठा द्यायचा. सुट्टीवर गेलेला परत आला नाही, तर त्याचा व्हिसा, इकामा (राहण्याचा परवाना) आणि तिकीट यांवर कंपनीनं केलेला खर्च जामीनदाराच्या पगारातून कापला जायचा. कोणत्या कायद्यात हे बसतं? कोणत्याच नाही. तरीही फॉर्म छापलेला होता, त्यावर कंपनीचा शिक्का होता आणि त्याच्या प्रती माझ्या कपाटात होत्या.

खेडकडचा एक रिगर, म्हणजे अवजड सामान उचलून बसवणारा, होता. मुलीचं लग्न ठरलं, रजा मंजूर झाली, पण जामीन राहायला कुणी तयार होईना. त्याच्याच खोलीतल्या एकाचा पगार आधीच्या वर्षी असाच कापला गेला होता, म्हणून सगळी खोली बिथरलेली. शेवटी बिहारचा एक स्कॅफोल्डर, म्हणजे परांची बांधणारा, तयार झाला. रिगरनं आपल्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी रोख रक्कम त्याच्या हातात ठेवली. परत आलो तर मला दे, नाही आलो तर तुझी. मुलीच्या लग्नाला निघालेला बाप दोन महिन्यांची कमाई दुसऱ्याच्या खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून विमानात बसला. तो परत आला. यायलाच लागलं. त्या वर्षीच्या अहवालात मॅनेजरनं लिहिलं की रजेवरून परतणाऱ्यांचं प्रमाण समाधानकारक असून कामगारांना कंपनीबद्दल आपुलकी आहे. तो कागद मीच टाइप केला होता, म्हणून त्यातलं वाक्य आजही आठवतं. अशा अहवालांवरून मोठमोठे लोक मनुष्यबळावर भाषणं देतात, तेव्हा मला त्या पत्र्याच्या ट्रंकेची आठवण होते आणि संताप होतो.

पासपोर्टही आमच्या ऑफिसातच असायचे, स्टीलच्या कपाटात, कामगाराच्या नंबरानुसार लावलेले. कामगाराचा पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं सौदीत बेकायदेशीर आहे. ‘सुरक्षिततेसाठी’ असं रजिस्टरच्या वर लिहिलं की बेकायदेशीर गोष्ट ऑफिसची शिस्त होऊन जाते. कुणी भांडायला उठलाच तर हुरूबची धमकी. हुरूब म्हणजे कामगार पळून गेला अशी मालकानं सरकारकडं दिलेली वर्दी. ती लागली की माणूस तेव्हा एका दिवसात बेकायदेशीर ठरायचा, पकडला जायचा, हद्दपार व्हायचा. मग हिशेब कोणाकडं मागायचा?

हे सगळं एका कंपनीपुरतं होतं असं कुणी म्हणेल. त्यानं २०१६ साल आठवावं. तेलाचे भाव कोसळले, सौदी सरकारनं बांधकाम ठेकेदारांची देणी थांबवली आणि सौदी ओजरसारखी अवाढव्य कंपनी बसली. हजारो भारतीय कामगार कित्येक महिने बिनपगारी कॅम्पमध्ये अडकले. जेवण बंद झालं. सुषमा स्वराज तेव्हा परराष्ट्रमंत्री होत्या. दूतावासामार्फत अन्न पोहोचवावं लागलं, त्यांचे राज्यमंत्री व्ही. के. सिंह जेद्दाला गेले. परत आणण्याची सोय झाली, एक्झिट व्हिसा मोफत मिळू लागला. आणि अनेकांनी जायला नकार दिला. उपाशी माणूस घरी जायला नकार देतो, हे आपल्याकडच्या बातम्या बघणाऱ्यांना कोडं वाटलं. मला त्यात कोडं दिसलं नाही. विमानात बसायचं म्हणजे सात-आठ महिन्यांच्या मजुरीवर पाणी सोडायचं. गावात कर्ज देणारा दारात उभा असताना रिकाम्या हातानं उतरायचं कसं?

याच कंपनीत आणि तिच्यासारख्या इतर बुडालेल्या कंपन्यांत फिलिपिन्सचेही हजारो कामगार होते. त्यांच्या सरकारनं तो विषय सोडला नाही. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी सौदी युवराजांसमोर तो काढला, आणि फेब्रुवारी २०२४ पासून घरी परतलेल्या फिलिपिनो कामगारांना थकबाकीचे धनादेश मिळू लागले. आठ वर्षं लागली. पण राष्ट्रप्रमुखानं मजुराच्या पगाराची यादी हातात धरली तर पैसे सुटतात, हे तरी सिद्ध झालं. आपले पंतप्रधान, मंत्री, मुख्यमंत्री गल्फला जातात तेव्हा गुंतवणुकीचे आकडे छापून येतात. परतलेल्या मजुरांच्या थकबाकीचा आकडा त्यात मी अजून वाचलेला नाही.

आता कफाला, म्हणजे कामगाराचा व्हिसा मालकाच्या हाती देणारी पद्धत, मोडली, कायदे बदलले, मग तक्रार कसली, असा युक्तिवाद होतो. कायदे बदलले हे खरं आहे आणि ते चांगलं झालं. १४ मार्च २०२१ पासून सौदीत एक वर्ष काम केलेल्या कामगाराला मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येते, देशाबाहेर जाऊन यायला कफीलची, म्हणजे त्या मालकाची, सही लागत नाही. पण या सुधारणेतून घरगड्यांना, घरच्या ड्रायव्हरना, शेतमजुरांना, मेंढपाळांना आणि माळ्यांना वगळलं. आपली किती माणसं इकाम्यावर ‘सायक खास’ म्हणजे खासगी ड्रायव्हर, किंवा शेतमजूर असा पेशा घेऊन जातात! कुठंही काम करता येईल असं सांगून आझाद व्हिसाच्या नावाखाली एजंट विकतो तो बहुतेक हाच कागद असतो. हातात वायरमनचं काम, कागदावर शेतमजूर. त्याला २०२१ च्या सुधारणेचा उपयोग काय?

शिवाय नोकरी बदलण्याची मुभा मिळाली म्हणून जुन्या मालकाकडं अडकलेला पगार चालत येत नाही. कतारनं निदान ही दुखरी जागा ओळखली. २०१८ च्या कायद्यानं तिथं कामगारांच्या मदतीसाठी आणि विम्यासाठी एक फंड उभा राहिला. मालक बुडाला किंवा पगार देईना, तर निवाड्यानंतर त्या फंडातून कामगाराला रक्कम मिळू शकते. त्यात उशीर होतो, मर्यादा आहेत, पण दिशा बरोबर आहे. पगार सुटला की माणूस सुटतो. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाआधी जगाचे कॅमेरे दोहाकडं वळले नसते तर एवढंही झालं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

या अडकण्यातून सुटला कोण, हेही बघा. माझ्या रजिस्टरमधून पहिले गेले ते सर्टिफिकेटवाले वेल्डर. सिक्स-जी ही पाइप वेल्डिंगची परीक्षा पास झालेल्या वेल्डरला दमाममध्ये, अबू धाबीत, कुठंही काम मिळतं. तो थकबाकी सोडूनही जाऊ शकतो, कारण दोन महिन्यांत भरून काढतो. हेल्पर, क्लिनर, स्टोअरमधला पोऱ्या तसाच राहिला. कंपनीच्या हिशेबात हेल्पर निष्ठावान ठरले आणि वेल्डर गद्दार.

थांबण्याचं आणखी एक कारण आहे, ते आपल्या रुपयात आहे. रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला पावणेचार रियाल. २०१० साली दीड हजार रियालचे घरी साधारण अठरा हजार रुपये होत. २०२४ मध्ये त्याच दीड हजारांचे तेहतीस हजारांच्या पुढं झाले. कंपनीनं एक हलालाही, म्हणजे तिथला पैसाही, वाढवलेला नाही. रुपया पडला, म्हणून पगार वाढल्यासारखा दिसला. घरचे खूश, माणूस खूश, आणि पगारवाढ मागायला कुणी उठत नाही. दरम्यान जुबैलमधलं राहणं महागलं. २०१८ मध्ये पाच टक्के व्हॅट आला, जुलै २०२० मध्ये तो पंधरा टक्के झाला. ज्यांनी बायकामुलं सोबत ठेवली होती त्यांच्यावर जुलै २०१७ पासून दर माणशी महिना शंभर रियाल फी बसली, ती दर वर्षी शंभरानं वाढत २०२० मध्ये चारशे झाली. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला बाराशे रियाल. माझ्या ओळखीतल्या रत्नागिरीच्या, श्रीवर्धनच्या कितीतरी घरांनी शाळेतून दाखले काढले आणि बायकामुलं परत पाठवली. पुरुष बॅचलर खोलीत गेले. कुटुंबं देश सोडून गेली आणि कामगार राहिला, कारण सर्व्हिस अडकलेली होती.

पण फास सगळा तिकडंच विणला जातो असं मी म्हणणार नाही. त्याचा निम्मा दोर मुंबईत वळला जातो. परदेशी नोकरीसाठी परवानाधारक एजंटनं माणसाकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी घ्यावेत, असा भारत सरकारचा नियम आहे. जीएसटी धरून पस्तीस हजार चारशे. माझ्या रजिस्टरमधल्या माणसांना मी विचारायचो. लाख, सव्वा लाख, दीड लाख, अशीच उत्तरं यायची, आणि पावती एकाकडंही नसायची. पैसा आला कुठून? बायकोचे दागिने, आंब्याची कलमं गहाण, गावातल्या कुणाकडून महिना तीन टक्के व्याजानं घेतलेले पैसे. दीड लाखाचं कर्ज, महिन्याला घरी बावीस हजार पाठवायचे, त्यातून घरही चालवायचं. पहिलं वर्ष सगळं कर्जात जातं. मुंबईत दीड हजार रियाल सांगितले होते आणि तिथं अरबी करारात हजार निघाले, तर दुसरं वर्षही जातं. अशा माणसाला राजीनाम्याचं स्वातंत्र्य सांगणं म्हणजे त्याची थट्टा आहे.

यात आपल्या सरकारनं काय केलं? सप्टेंबर २०२० मध्ये, करोनानं माणसं आधीच नागवलेली असताना, परराष्ट्र मंत्रालयानं गल्फ देशांसाठीचं किमान संदर्भ वेतन, म्हणजे ज्याखालच्या पगारावर मजूर पाठवायचा नाही तो दर, तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणलं. कारण दिलं की नोकऱ्या टिकाव्यात. भारतीय मजूर स्वस्तात घ्या, अशी जाहीर सवलतच ती. तेलंगणातल्या कामगार संघटनांनी आरडाओरडा केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२१ मध्ये निर्णय मागं घ्यावा लागला. फिलिपिन्सनं २००६ साली घरकाम करणाऱ्या आपल्या बायकांसाठी परदेशात किमान चारशे डॉलर पगाराची अट घातली होती. चौदा वर्षांनी आपण काही गल्फ देशांसाठी मजुराचा दर दोनशे डॉलरवर आणून ठेवला. दर ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस साजरा होतो. त्या सोहळ्यात एका तरी हेल्परला बोलावून या दराबद्दल विचारायला हवं होतं.

आणि महाराष्ट्र? रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळचा १९.७ टक्के. पहिला नंबर आपला. केरळनं १९९६ मध्ये परदेशी गेलेल्यांसाठी नोर्का हे स्वतंत्र खातं काढलं, पुढं कल्याण निधी आणि पेन्शन आणलं. १९९८ पासून तिथं दर काही वर्षांनी घरोघर जाऊन स्थलांतराचं सर्वेक्षण होतं, कोण गेलं, कोण परतलं, काय घेऊन परतलं. पहिल्या नंबरच्या राज्यात खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा इथून कोण गेलं याची नोंद गावच्या मशिदीत किंवा शेजाऱ्याच्या डोक्यात असते. १९७३ नंतर तेलाचा पैसा वाढला तेव्हापासून हे तालुके कुवेत, बहरीन, सौदीला माणसं देत आले आहेत. मुंबईच्या मनीऑर्डरवर जगणारं कोकण गल्फच्या ड्राफ्टवर जगू लागलं, आणि मंत्रालयानं त्याकडं कधी वळून पाहिलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळ पुरवण्याचा करार मोठ्या उत्साहानं केला. माणसं बाहेर पाठवण्याचा हा उत्साह बाहेर अडकलेल्या माणसाचा पैसा परत आणताना कुठं जातो?

अमेरिकेतल्या आपल्या इंजिनिअरांबद्दल पुण्यात बरीच हळहळ चालते. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की नवी शोधायला साठ दिवस, ग्रीन कार्डची रांग संपत नाही, मालक बदलायची भीती. ती हळहळ खोटी नाही. व्हिसा मालकाच्या हातात असला की माणूस वाकतो, मग तो न्यू जर्सीत असो की जुबैलमध्ये. पण त्या इंजिनिअरचा पासपोर्ट त्याच्याच ड्रॉवरमध्ये असतो आणि त्याच्या रजेला शेजारच्या टेबलावरचा माणूस जामीन राहत नाही. एवढा फरक ओळखून हळहळ थोडी खाली, कॅम्पपर्यंत, उतरू द्या.

मला हवं ते फार मोठं नाही. रत्नागिरी आणि अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत एकेक खिडकी हवी. तिथं अरबी करार वाचून समजावणारा माणूस बसावा, कामगार निघण्याआधीच त्याच्या कराराची प्रत जमा व्हावी. थकबाकी सोडून परतलेल्याकडून तिथंच मुखत्यारपत्र घ्यावं आणि त्याच्या दाव्याचा पाठपुरावा दूतावासामार्फत सरकारनं करावा, म्हणजे पैशासाठी माणसाला कॅम्पमध्ये कुजत बसावं लागणार नाही. एजंटला दिलेला प्रत्येक रुपया बँकेतूनच जावा. दीड लाख उकळणाऱ्यांवर फसवणुकीचे गुन्हे दाखल करावेत. त्यांची ऑफिसं मुंबईत आहेत, पाट्या लावून उघडी आहेत, सकाळी दहाला बाहेर पोरांची रांग लागते. स्थानिक पोलीस ठाण्याला ती माहीत नाहीत, हे मला कुणी सांगू नये.